सत्तेचाळीस नंबरचा आवाज

वीज कंपनीच्या त्या सेक्शन ऑफिसच्या ताब्यात दोनशे अकरा ट्रान्सफॉर्मर होते आणि एक काकू होत्या. ट्रान्सफॉर्मरना नंबर होते, काकूंना हुद्दा होता. पण सेक्शनसाहेबांपासून समोरच्या चहावाल्यापर्यंत सगळे त्यांना काकूच म्हणत. 'तंत्रज्ञ, श्रेणी दोन' हे शब्द फक्त पगाराच्या चिठ्ठीवर भेटायचे, तेही महिन्यातून एकदा.

काकूंचा नवरा याच ऑफिसात लाइनमन होता. तो खांबावरून पडून गेला तेव्हा मुलगी चार वर्षांची होती. कंपनीने त्याच्या जागी काकूंना घेतलं. बाई शिकलेली, बी.ए. झालेली, म्हणून आधी टेबलावर बसवलं. पण ऑफिसात टेबलं कमी आणि बसणारे जास्त होते. दोन वर्षांत काकूंची रवानगी बाहेर झाली, ट्रान्सफॉर्मर बघायला. त्या दिवशी त्यांनी घरातल्या कपाटामागून नवऱ्याची काठी काढली.

काठी म्हणजे दीड हात लांबीचा साधा लाकडी दांडा. एक टोक ट्रान्सफॉर्मरच्या टाकीला लावायचं, दुसरं कानामागच्या हाडाला, आणि ऐकायचं. धडधाकट ट्रान्सफॉर्मर पोटभर जेवून झोपलेल्या माणसासारखा एकसुरी गुणगुणतो. तेल कमी झालं की घशात काही अडकल्यासारखा आवाज येतो. आतल्या तारांचं वेटोळं, ज्याला वाइंडिंग म्हणतात, ते सैल झालं की तो दात खायला लागतो. हे नवऱ्याने शिकवलं होतं, गप्पांच्या ओघात, ही पुढे पोटापाण्याची विद्या होईल असं दोघांच्याही ध्यानीमनी नसताना.

त्याने आणखी एक शिकवलं होतं. काठी लावण्याआधी टाकीवर तीनदा ठोकायचं. टाकीच्या उबेला मांजरं, खारी, पाली, काय काय येऊन बसतं. एकदा एक मांजर त्याच्या तोंडावर उडालं होतं आणि तो थोडक्यात बचावला होता. "कुणाच्या घरात शिरायचं तर दार वाजवावं," तो म्हणायचा. काकूंनी बावीस वर्षं दार वाजवलं. अर्थात प्रत्येकाचं नाही. दोनशे अकरांचं दार वाजवत बसलं तर वर्ष पुरणार नाही. स्वयंपाकघरातून आईला मुलाचा खोकला कळतो, तसं काकूंना कुंपणाबाहेरूनच कळायचं. मनात पाल चुकचुकली तरच त्या आत जायच्या, ठोकायच्या आणि काठी लावायच्या. त्यांचा संशय सहसा खरा निघायचा.

अडचण होती ती कागदाची. ट्रान्सफॉर्मर बदलायचा तर 'नमुना ब-सात' भरावा लागे. त्यात कारणांचे रकाने होते: तेलगळती, जळका वास, ठिणगी, जादा लोड. आवाजाला रकाना नव्हता.

सत्तेचाळीस नंबर गेले अकरा महिने दात खात होता. काकूंनी 'इतर' असं लिहून खाली टिपलं, 'आवाज बरा नाही.' वरच्या ऑफिसने विचारलं, 'आवाज किती? मोजून कळवावे.' काकूंनी कळवलं, 'मोजायला यंत्र नाही.' वरून उत्तर आलं, 'यंत्र नसल्यास आवाज ग्राह्य धरता येत नाही.' असे सात नमुने गेले आणि सात परत आले. सेक्शनसाहेब माणूस वाईट नव्हते. फाइल ही पाहुणी आहे आणि तिला मुक्काम न करू देता पुढे रवाना करावं, एवढंच त्यांचं तत्त्वज्ञान होतं.

आता दोनशे अकरांत सत्तेचाळीसचंच काय घेऊन बसायचं? तर सत्तेचाळीस नंबर एका पाळणाघराच्या भिंतीला लागून उभा होता. आणि त्याच भिंतीच्या आतल्या बाजूला दुपारी ज्या सहा लहान खाटा मांडल्या जायच्या, त्यातल्या खिडकीजवळच्या खाटेवर काकूंचा अडीच वर्षांचा नातू झोपायचा.

"दुसरं पाळणाघर बघ," काकू मुलीला म्हणाल्या होत्या.

"आई, संध्याकाळी सातपर्यंत उघडं असणारं हे एकच आहे. तू घरी राहून सांभाळतेस का त्याला?"

"माझी नोकरी आहे."

"मग माझीपण आहे. आणि तुला प्रत्येक आवाजात काहीतरी ऐकू येतं. लहानपणी माझ्या शिंकेतसुद्धा तुला न्यूमोनिया ऐकू यायचा."

काकू पाळणाघरवाल्या ताईंकडे गेल्या. खाटा दुसऱ्या भिंतीला लावाल का, म्हणाल्या. ताई म्हणाल्या, "तिकडे ऊन येतं हो काकू. पण कंपनीने लेखी दिलं की डीपी खराब आहे, तर आजच हलवते." ट्रान्सफॉर्मरला सगळे डीपीच म्हणत. लेखी तर काकूंकडे सात वेळा होतं, सात वेळा परत आलेलं.

याच सुमारास कंपनीला नवेपणाची उबळ आली. मोठे साहेब कुठल्याशा परिषदेला जाऊन आले आणि परिपत्रक निघालं की कंपनीने यापुढे नव्या कल्पनांना वाव द्यावा आणि नवउद्योजकांना, म्हणजे स्टार्टअपवाल्यांना, हात द्यावा. जुन्या बंद मीटरांची खोली रिकामी झाली. भिंतीला हिरवा रंग लागला. खुर्च्यांऐवजी मोठमोठ्या मऊ गाद्या आल्या, ज्यांत बसता सहज यायचं पण उठायला दुसरा माणूस लागायचा. कॉफीचं यंत्र आलं. ते आणि एसी एकदम लावले की खोलीची वीज जायची. मग नवउद्योजक अंधारात बसून ऊर्जेच्या भविष्यावर बोलायचे.

खोलीवर एक साहेब नेमले गेले. त्यांनी आधी भंडार विभागात वीस वर्षं नट-बोल्ट मोजले होते. ऑफिसने त्यांचं नाव ठेवलं कल्पकसाहेब.

कल्पकसाहेबांकडे रीघ लागली. एकाने पतंगातून वीज काढायचं ठरवलं होतं. एकाने वीज गेली की मोबाइलवर कळवणारं ॲप केलं होतं. अंधारात बसलेल्याला वीज गेल्याचं आपसूक कळतं, हे त्याला कुणी सांगितलं नाही. आणि एक जोडी आली, चष्मा लावलेली एक मुलगी आणि तिचा दाढीवाला भागीदार. त्यांच्याकडे डब्याएवढं एक यंत्र होतं. लोहचुंबकाने टाकीला चिकटायचं, मिनिटभर आवाज ऐकायचं आणि दिवा लावायचं. हिरवा म्हणजे बरा, लाल म्हणजे आजारी.

"पण त्याला आधी शिकवावं लागेल," चष्मेवाली म्हणाली. "कुठला आवाज बरा आणि कुठला वाईट, हे सांगणारं माणूस हवं."

कल्पकसाहेबांनी सेक्शनसाहेबांना विचारलं, सेक्शनसाहेबांनी खिडकीबाहेर बघितलं. ऊन रणरणत होतं. "काकूंना द्या," ते म्हणाले.

काकूंना ऐकून आधी हसू आलं. आवाज ग्राह्य धरायला कंपनीला बावीस वर्षं लागली होती, आणि तोही डब्यातून आला तरच. मग त्यांचं हसू थांबलं, कारण दुसरा विचार आला. डबा मोजतो. डब्याने मोजलं की वरच्या ऑफिसची तोंडं बंद. त्या दिवसापासून काकू त्या डब्याला मन लावून शिकवायला लागल्या. आपल्या मुलीच्या दहावीलासुद्धा त्यांनी इतका अभ्यास घेतला नव्हता.

तीन महिने तिघं फिरली. दाढीवाला डबा चिकटवायचा, चष्मेवाली लिहून घ्यायची. काकू कुंपणाबाहेर उभं राहून म्हणायच्या, "बरा." शंका आली की आत यायच्या, ठोकायच्या, काठी लावायच्या आणि मान हलवायच्या, "बरा नाही."

"तुझ्या आईला माहीत आहे का, तू नोकरी सोडलीस ते?" एकदा कुंपणाच्या सावलीत जेवणाचा डबा खाता खाता काकूंनी चष्मेवालीला विचारलं.

"माहीत आहे."

"काय म्हणाली?"

"काहीच नाही. बोलत नाही माझ्याशी."

"बोलेल. गप्प बसणं आयांना फार दिवस झेपत नाही."

"आणि बोलली की काय म्हणेल?"

"जेवलीस का म्हणेल. बाकीचं त्यातच येतं."

तीन महिन्यांनी परीक्षा झाली. शंभर ट्रान्सफॉर्मर, बरोबर काकू आणि काठी. शंभरापैकी शहाण्णव वेळा डब्याचं आणि काकूंचं एकमत झालं. सत्तेचाळीसला तर डबा असा लाल झाला की काकूंना त्याचा मुका घ्यावासा वाटला. कल्पकसाहेबांनी मोठ्या साहेबांना आमंत्रण धाडलं. प्रात्यक्षिक कुठे करायचं, असा प्रश्न निघाला तेव्हा काकूच म्हणाल्या, "सत्तेचाळीसला करा. रस्ता रुंद आहे, गाड्या लागतील." खरं कारण त्यांनी पोटात ठेवलं. मोठ्या साहेबांच्या देखत दिवा लाल झाला की आठवा नमुना भरायची गरजच पडणार नव्हती.

प्रात्यक्षिकाच्या सकाळी कल्पकसाहेबांनी काकूंना बाजूला घेतलं. "काकू, आज ती काठी नको हं. फोटो निघणार आहेत. आपण अजून काठीच्या जमान्यात आहोत असं दिसायला नको. तुम्ही दोरीच्या पलीकडे पुष्पगुच्छ धरून उभ्या राहा."

काकूंनी काठी गाडीत ठेवली. पुष्पगुच्छ धरून त्या दोरीमागे उभ्या राहिल्या. पाळणाघराच्या खिडकीतून सहा लहान डोकी बघत होती, त्यातलं एक त्यांना हात करत होतं. दाढीवाल्याने डबा चिकटवला. मिनिट गेलं. दिवा लागला. हिरवा.

मोठ्या साहेबांनी टाळ्या वाजवल्या म्हणून सगळ्यांनी वाजवल्या. "अकरा वर्षांचा ट्रान्सफॉर्मर," मोठे साहेब म्हणाले, "आणि प्रकृती ठणठणीत. याला म्हणतात देखभाल." सेक्शनसाहेबांनी विनयाने मान खाली घातली. काकूंचा पुष्पगुच्छ कुणीतरी हातातून घेतला, तरी त्यांचे हात तसेच वर राहिले होते.

दोन दिवसांत सातही नमुन्यांवर एकदम निकाल आला. 'यंत्राने आवाज मोजला. प्रकृती उत्तम. तक्रार निकाली.' अकरा महिन्यांत कंपनीचं इतकं जलद उत्तर कधी आलं नव्हतं.

काकू हिरव्या खोलीत गेल्या तेव्हा चष्मेवाली गादीत रुतून बसली होती, कानांवर हेडफोन, डोळे लाल. तिने हेडफोन काढला.

"काकू, हे प्रत्येक वाईट आवाजाच्या आधी टक टक टक काय आहे?"

"ते मी."

"तुम्ही?"

"दार वाजवते. आत मांजर असतं कधीकधी."

दाढीवाल्याने संगणकावर मोजायला सुरुवात केली. परीक्षेच्या शंभरांत अडतीस आजारी ट्रान्सफॉर्मर होते आणि अडतिसांच्या आधी टकटक होती. धडधाकटांपैकी फक्त चारांच्या आधी होती, आणि परीक्षेत डबा नेमका त्याच चारांना चुकला होता.

"म्हणजे याने ट्रान्सफॉर्मर ऐकलेच नाहीत," चष्मेवाली म्हणाली. "हा फक्त तुमच्या ठोकण्याची वाट बघतो. ठोकलं की लाल."

"म्हणजे आमच्या वरच्या ऑफिसच्या वळणावरच गेला की," काकू म्हणाल्या. "स्वतः ऐकायचं नाही, कुणी डोक्यावर ठोकलं की जागं व्हायचं."

चष्मेवालीने चष्मा पुसला. "मी हे कळवणार. आजच."

"कळवलंस की आपलं गेलं," दाढीवाला म्हणाला. "पायलट प्रकल्प बंद. दुसरी कुठली वीज कंपनी आपल्याला दारात उभं करेल?"

"चुकीचा दिवा लावून उभं राहण्यापेक्षा ते बरं. त्या भिंतीआड मुलं झोपतात."

काकू दुसराच हिशेब करत होत्या. यंत्र खोटं ठरलं की आवाज मोजलाच नाही असं ठरणार. मग आठवा नमुना. मग 'मोजून कळवावे.' कमीत कमी दोन महिने. आणि आज सकाळी रस्त्यावरून जाताना सत्तेचाळीस नुसता दात खात नव्हता, मधूनच कण्हत होता.

"यंत्र लाल झालं तर कंपनी काय करते? करारात काय आहे?" त्यांनी विचारलं.

"अठ्ठेचाळीस तासांत ट्रान्सफॉर्मर बदलायचा," दाढीवाला म्हणाला. "नाहीतर मोठ्या साहेबांना लेखी खुलासा द्यायचा. संदेश आपोआप अकरा अधिकाऱ्यांना जातो."

"मग तू जरूर कळव," काकू चष्मेवालीला म्हणाल्या. "पण परवा कळव. उद्या सकाळी डबा घेऊन सत्तेचाळीसला ये."

"काकू, हे खोटं होईल."

"कसं खोटं? मला संशय आला की मी ठोकते. मला संशय आहे. मी ठोकणार. पुढे तुझ्या डब्याला काय वाटायचं ते वाटो."

"परवा मी सगळं लिहिणार आहे," चष्मेवाली शेवटी म्हणाली. "उद्याचंसुद्धा."

"लिही की. मी कधी नको म्हटलं? माझीसुद्धा सात पत्रं आहेत."

सकाळी काकूंनी ठोकलं. बावीस वर्षांत ठोकलं नव्हतं इतक्या जोरात ठोकलं. एक पाल खरोखरच पळाली. डबा लाल झाला. अकरा अधिकाऱ्यांचे फोन एकाच वेळी किणकिणले. आवाज बरा नाही, या तीन शब्दांनी अकरा महिन्यांत जे साधलं नव्हतं, ते एका लाल ठिपक्याने दुपारपर्यंत साधलं. खुलासा लिहिण्यापेक्षा ट्रान्सफॉर्मर बदलणं सोपं, यावर अकराही जणांचं एकमत झालं. दुसऱ्या दिवशी क्रेन आली, जुनं धूड उचललं गेलं आणि त्याच्या जागी नवा बसला. सेक्शनसाहेब जातीने हजर होते. "काकू," ते म्हणाले, "मी म्हणतच होतो."

जुना उघडला तेव्हा वाइंडिंग सैल होऊन एका बाजूला कललं होतं आणि त्याच्यावर गुंडाळलेला कागद काळाठिक्कर पडला होता. दुरुस्तीच्या मिस्त्रीने तो चिमटीत धरला तर त्याचा भुगा झाला. "आठवडा काढला असता याने, फार फार तर," तो म्हणाला. "मग तेलासकट पेटला असता." काकूंनी त्यातला चिमूटभर भुगा रुमालात बांधून घेतला. कशासाठी, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

संध्याकाळी मुलीचा फोन आला. "आई, पाळणाघरात आज चार तास वीज नव्हती. पोरं नुसती घामेजली होती. तुमची कंपनी कधी सुधारणार गं?"

"सुधारतेय," काकू म्हणाल्या. "जेवलीस का?"

चष्मेवालीने ठरल्याप्रमाणे सगळं लिहून दिलं. टकटक, हिरवा दिवा, लाल दिवा, काकू, काठी, काहीही न लपवता. मग ती निरोपाची तयारी करून कल्पकसाहेबांसमोर बसली, म्हणजे रुतली. काकू दारात उभ्या होत्या.

कल्पकसाहेबांनी अहवाल दोनदा वाचला. "दिवा लाल लागला ना?"

"हो."

"आणि ट्रान्सफॉर्मर खराब निघाला ना?"

"हो, पण..."

"मग चूक कुठे आहे?"

"साहेब, काकूंनी ठोकलं म्हणून लाल लागला. प्रात्यक्षिकाला नाही ठोकलं, म्हणून हिरवा लागला होता."

कल्पकसाहेब विचारात पडले. वीस वर्षं नट-बोल्ट मोजलेला माणूस. मोकळा पडलेला सुटा भाग त्याला बघवत नाही. "म्हणजे प्रात्यक्षिकाच्या दिवशी कार्यपद्धती पूर्ण पाळली गेली नव्हती," ते सावकाश म्हणाले. "बरं झालं लक्षात आणून दिलंत. ठोकणं आपण कार्यपद्धतीत घालू."

आणि घातलं. 'नमुना ब-आठ' निघाला. त्यात नवा रकाना, 'तीन वेळा ठोकले काय? होय / नाही.' काठ्यांची निविदा निघाली: लांबी, वजन, रंग, टोकाची गोलाई. तीनशे प्रमाणित काठ्या आल्या, फायबरच्या, पिवळ्याधमक, आतून पोकळ. काकूंनी त्यातली एक कानाला लावून पाहिली. काहीही ऐकू येत नव्हतं. त्यांची जुनी काठी तपासणीला गेली आणि 'प्रमाणपत्र उपलब्ध नाही' असा शेरा घेऊन परत आली.

पुढचं व्हायचं तेच झालं. साऱ्या सेक्शनांमध्ये वायरमन मंडळी कार्यपद्धतीप्रमाणे प्रत्येक ट्रान्सफॉर्मरवर ठोकू लागली आणि प्रत्येक ट्रान्सफॉर्मर लाल होऊ लागला. पहिल्या आठवड्यात चारशे. कंपनीकडे क्रेन तीन. मोठ्या साहेबांनी आधी यंत्राच्या संवेदनशीलतेचं कौतुक केलं, मग घाम पुसला, मग दुरुस्तीचं परिपत्रक काढलं: 'फक्त संशय आल्यासच ठोकावे. संशयाबाबत अनुभवी कर्मचाऱ्याचे मत घ्यावे.' अनुभवी कर्मचाऱ्यांची यादी सोबत जोडली होती. तिच्यात एकच नाव होतं. पुढे कंसात लिहिलं होतं, 'तंत्रज्ञ, श्रेणी दोन'.

डब्याला शहरात 'वर्षातील सर्वोत्तम नवकल्पना' म्हणून ढाल मिळाली. चष्मेवाली ती घ्यायला गेली नाही, दाढीवाला गेला. ती तेव्हा काकूंबरोबर पुन्हा पहिल्यापासून फिरत होती, सगळे आवाज नव्याने घेत. काकू आधी ठोकायच्या, मांजराला जाऊ द्यायच्या, मग शांत मिनिटभर थांबायच्या आणि मगच डबा चिकटायचा. नवा डबा दहापैकी सहा वेळा बरोबर येत होता.

"सहाच," चष्मेवाली खंतावली.

"खरे सहा आहेत. नातू माझा अडीच वर्षांचा आहे, तोही दहातले सहाच शब्द नीट बोलतो. आई बोलली का?"

"काल फोन आला. जेवलीस का, म्हणाली."

काकू त्या दिवशी नातवाला आणायला स्वतः गेल्या. पाळणाघरात पाहतात तर खाटा समोरच्या भिंतीला गेलेल्या, खिडकीला उन्हासाठी जाड पडदा.

"आता का हलवल्या?" त्यांनी विचारलं. "डीपी तर नवा आला."

"म्हणूनच," ताई म्हणाल्या. "इतक्या घाईने बदलला, म्हणजे आधीचा नक्कीच खराब होता. कंपनीने तेव्हा काही लेखी दिलं असतं तर मी अकरा महिने इथे खाटा ठेवल्या असत्या का? तुम्हीसुद्धा कमालच करता काकू. नीट ठासून सांगायचं नाही का?"

नातवाला कडेवर घेऊन काकू बाहेर आल्या. कुंपणाशी थांबल्या. नवा सत्तेचाळीस नंबर पोटभर जेवल्यासारखा एकसुरी गुणगुणत होता. त्यांना काठीची गरज पडली नाही. तरी नातवाचं डोकं खांद्यावर टेकवून त्या जरा वेळ ऐकत उभ्या राहिल्या, कारण नव्या यंत्रांचंही काही सांगता येत नाही.